मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची आहेत, परदेशात जाऊन. आपल्या बेळगावकडचं कुणी आहे का या कामात?

खानापूरची रेघ

नमस्कार. माहेर खानापूर, सासर बेळगाव-वडगाव. एका मराठी शाळेत ड्रॉइंग शिकवते. शाळेत असतानाच लोअर, हायर दोन्ही परीक्षा झाल्या, नंतर पेंटिंगचा डिप्लोमा केला. घरी ऑर्डरची पोर्ट्रेट्स चालू असतात. सुट्टीत जांबोटीकडे जाऊन जलरंगात निसर्गचित्रं करते. हात बरा आहे असं बघणारे म्हणतात.

मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणली आणि तिला वाचून दाखवता दाखवता मीच त्यात अडकले. लिहिणारी बाई आणि चित्रं काढणारी बाई एकच, आणि पानावरचं घर आपल्या ओळखीचं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आता मिस्टरांच्या कंपनीतून बाहेर जायचं चाललंय. इंग्लंड की अमेरिका, ते अजून ठरायचंय. मला विचारायचंय ते असं, की तिथे जाऊन मुलांच्या पुस्तकांची चित्रकार म्हणून काम मिळतं का? छंद म्हणून नको, मला त्यातून कमवायचंय. वय चौतीस. शिक्षण सगळं मराठीतून. कन्नड चांगलं बोलते, इंग्रजी वाचते, पण बोलताना अडते. नात्यातले म्हणतात, तिथली पोरं तिथल्या आर्ट कॉलेजातून शिकून बसलेली, तुला कोण विचारतंय?

या कामातलं कुणी असेल तर खरं काय ते सांगा. गोड बोलायची गरज नाही.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

बाई, आधी वयाचं मनातून काढा. चौतीस हे काय वय झालं?

बेळगावच्या माणसानं इलस्ट्रेशनवर बाहेर जाऊन पोट भरणं हेही काही नवीन नाही. रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, आपल्या के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले. मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात नाव काढलं, मधली काही वर्षं केनियात, नैरोबीला जाऊन काम केलं, मग परत आले. २०२२ साली पुण्यात वारले. केबी सरांची स्वतःची ख्याती पोर्ट्रेट आणि निसर्गचित्रांची. समोर बघून काढायचं, हा आपल्या गावाचा वारसा आहे आणि तो तुमच्या हातात दिसतोय. आजकालची पोरं मोबाईलवरचं चित्र बघून चित्र काढतात, ते मला अजिबात पटत नाही.

तुमची चांगली पोर्ट्रेट्स फोल्डरच्या पहिल्या पानावर लावा आणि निर्धास्त जा.

शहापूर ते शेफील्ड

मी शहापूरची, विणकराच्या घरातली. बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं हेच माझं काम आहे. म्हणून जरा मोठं लिहिते, सवडीनं वाच. तू माझ्यापेक्षा लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

मास्तर, तुमच्यासारख्यांनीच आमचे हात घडवले, आणि समोर बघून काढण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण पोर्ट्रेट पहिल्या पानावर नको. प्रकाशकाकडे चित्रांची निवड आर्ट डायरेक्टर करते. ती फोल्डर उघडते तेव्हा चेहरा हुबेहूब आलाय का हे ती बघत नाही, ते येणारच असं धरून चालते. तिला हवी असते एकच पोरगी, पण रडताना, पळताना, टेबलाखाली लपताना, पाठमोरी, वरून बघितलेली, आणि दर वेळी ओळखू येणारी. तुझ्या चित्रात जांबोटीचा घाट सुंदर उतरला असेल. तिला विचारायचं असतं की त्या घाटात पोरगी चुकली तर पुढच्या पानावर काय होतं?

हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. आपण एकेक चित्र पूर्ण करायला शिकतो, फ्रेममध्ये घालायला. पुस्तकातलं चित्र अर्धवट ठेवावं लागतं, म्हणजे मूल पुढचं पान उलटतं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे शिकायला. इंग्रजीला त्याच्या निम्मासुद्धा लागला नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. ए-फोरचे आठ कागद घे, मधोमध दुमड, एकात एक घालून मध्ये टाके मार. बत्तीस पानं झाली. इंग्लंड-अमेरिकेतलं चित्रपुस्तक बहुतेक वेळा एवढंच असतं. पुस्तकाचं नाव, प्रकाशकाची माहिती, अर्पण वगैरे वजा जाऊन गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन-दोन पानांच्या जोड्या, उरतात. त्यात आख्खी गोष्ट पेन्सिलीनं बसव. काड्यांची माणसं काढलीस तरी चालेल. याला इथे डमी म्हणतात. पोर्टफोलिओच्या बरोबरीनं, कधी कधी त्याच्याआधी, हीच बघतात.

माझी पहिली डमी आमच्या घरातल्या मागाची होती. आमचा खड्डामाग. आजी जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायची. उजव्या पानावर आजीचे हात, पळणारा धोटा, आणि नातीचा चेंडू घरंगळत खड्ड्याच्या काठाशी आलेला. पान उलटलं की आपण खाली, खड्ड्यात: आजीचे पाय, ताणलेल्या दोऱ्या, अंधार, आणि कोपऱ्यात चेंडू. वरच्या जगात आजी हातांची, खालच्या जगात पायांची. हे जोडपान मी किती वेळा खोडलं असेल! आधी चेंडू पडतानाच दाखवला होता, तर उलटायला काही उरतच नव्हतं. तो काठाशी थांबवला आणि पुस्तक चाललं.

ती डमी छापली गेली नाही. पण ती बघून एजंट मिळाली, म्हणजे आपलं काम प्रकाशकांकडे नेणारी, करार ठरवणारी बाई. पहिली काही वर्षं शाळांच्या वाचनपुस्तिकांची कामं केली. त्यात ठरलेली रक्कम एकदाच मिळते, पुढे काही नाही, पण वेळेवर काम द्यायची शिस्त लागते. मग दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टींची चित्रं. तिथे लेखक आणि चित्रकार बहुतेक वेळा भेटतसुद्धा नाहीत, मध्ये आर्ट डायरेक्टर असते. स्वतः लिहून चित्रं काढलेलं पुस्तक त्यानंतर खूप उशिरा आलं. दिवसा मी इथल्या एका लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते, ते पहिली पुस्तकं येऊन गेल्यावरही सोडलं नव्हतं. तूही असं काहीतरी धरून ठेव, आणि ते लायब्ररीतलं असेल तर सोन्याहून पिवळं. मुलं कुठलं पुस्तक चौथ्यांदा मागायला येतात हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता नात्यातल्यांना काय सांगायचं ते.

वयाचं म्हणतील तर ज्युडिथ केर सांग. १९२३ चा जन्म, बर्लिनचा. वडील नाझींच्या विरोधात लिहिणारे, म्हणून १९३३ साली घरदार सोडून निघाले. स्वित्झर्लंड, फ्रान्स करत १९३६ साली इंग्लंडात पोचले. तिथे नवी भाषा, नवी शाळा. तिचं पहिलं चित्रपुस्तक आलं १९६८ साली, म्हणजे पंचेचाळिशीच्या सुमारास. आपल्या मुलीला सांगायची ती वाघाची गोष्टच तिनं चितारली. २०१९ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी वारली, तोपर्यंत पुस्तकं करत होती.

इंग्रजीचं म्हणतील तर युई मोरालेस. मेक्सिकोतल्या हालापाची. १९९४ साली तान्ह्या मुलाला घेऊन अमेरिकेत आली, इंग्रजी येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक लायब्ररीत मुलाला मांडीवर घेऊन चित्रपुस्तकं बघत बसायची. तिथेच भाषा शिकली, तिथेच आपणही असं पुस्तक करावं हे ठरलं. आज तिच्या पुस्तकांना अमेरिकेतले मोठे पुरस्कार आहेत, आणि त्या लायब्ररीवर तिनं आख्खं पुस्तक केलंय. तुझ्या मांडीवर तर पाच वर्षांची पोरगी आहेच.

आणि ॲलन से. जपानात, योकोहामाला जन्मलेला, सोळाव्या वर्षी अमेरिकेत आला. कित्येक वर्षं जाहिरातीच्या फोटोग्राफीवर घर चालवलं, पुस्तकं उरल्या वेळात. पन्नाशीच्या आसपास सगळं सोडून चित्रपुस्तकांत उतरला. चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत कॅल्डेकॉट पदक देतात, १९९४ सालचं त्याला मिळालं ते आजोबांवरच्या पुस्तकासाठी, ‘ग्रँडफादर्स जर्नी’. इथे असलं की तिथली आठवण येते आणि तिथे गेलं की इथली, एवढाच त्याचा विषय. ते पुस्तक मिळव आणि नुसती चित्रं बघ. फोटोच्या अल्बमसारखी समोर बघणारी स्तब्ध माणसं आहेत, म्हणजे पोर्ट्रेटच. मास्तर, तुम्हाला ते फार आवडेल. पोर्ट्रेटचा हात पुस्तकात कसा लावायचा ते त्यात आहे.

एका गोष्टीसाठी मन तयार ठेव. सुरुवातीला तुझ्याकडे दिवाळी, होळी, हत्ती, आंबे एवढंच येईल. पहिलं काम तसलं असलं तरी घे, मी घेतलं. पण त्यात आपलं बघितलेलं घाल. मी एका पुस्तकात आजीला इरकल नेसवली होती, गडद हिरवी, लाल टोपपदराची. संपादकबाईंनी लिहिलं, सण आहे तर साडी जरा झगझगीत करू या का? मी आजीच्या खऱ्या लुगड्याचा फोटो पाठवला, पदर जवळून दाखवला, आणि कळवलं की आमच्याकडे सणाला हेच कपाटातून निघतं. त्यांनी लगेच मान्य केलं. भांडावं लागलं नाही. माहिती द्यावी लागते, आणि ती तुझ्याइतकी त्या खोलीत कुणाकडेच नसते. त्यानंतर मी मुद्दाम पावसाळी शेफील्डच्या बसमधल्या पोरांची चार चित्रं करून पाठवली. आपण जिथे राहतो तिथली मुलंही आपल्याला काढता येतात हे दाखवल्याशिवाय ते विचारत नाहीत.

आणि चित्रातल्या दुकानांवर पाट्या लिहू नकोस! मी खडेबाजार काढला होता, मराठी, कन्नड, इंग्रजी पाट्यांसकट. किती जीव लावून अक्षरं काढली होती. सगळी पुसायला लावली. इंग्लंडातलं पुस्तक नुसत्या इंग्रजी आवृत्तीवर चालत नाही, त्याच छपाईत फ्रेंच, जर्मन अशा आवृत्त्या निघाव्या लागतात, तरच खर्चाचं गणित जमतं. म्हणून मजकूर चित्रापासून वेगळा आणि फक्त काळ्या रंगात. कारण ऑफसेटवाले कुणी असतील तर नीट सांगतील.

पैशाचं. करार झाला की ॲडव्हान्स मिळतो, तोही तुकड्यांत: सहीला थोडा, कच्ची चित्रं मान्य झाली की थोडा, उरलेला पक्की चित्रं दिल्यावर किंवा पुस्तक निघाल्यावर. रॉयल्टी, म्हणजे खपलेल्या प्रतीमागे मिळणारा वाटा, लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटली जाते. आधी ॲडव्हान्स फिटायचा, मग रॉयल्टी हातात. समजा अडीच हजार पौंड ॲडव्हान्स आणि प्रतीमागे तुझे पंचवीस पेन्स, तर दहा हजार प्रती खपेपर्यंत नवा पैसा नाही. एजंट साधारण पंधरा टक्के घेते, परदेशी हक्कांवर जास्त. एका पुस्तकाची चित्रं कित्येक महिने खातात. त्यामुळे सुरुवातीला यावर घर चालेल असं धरू नकोस. शाळांत जाऊन मुलांसमोर चित्रं काढायची, त्याचे वेगळे पैसे मिळतात. मार्चमधल्या वर्ल्ड बुक डेच्या आठवड्यात तर इथल्या बहुतेक चित्रकारांना एक दिवस मोकळा नसतो. शिवाय इंग्लंडात लायब्ररीतून पुस्तक कुणी घरी नेलं की लेखक-चित्रकाराला सरकारकडून काही पेन्स मिळतात. १९७९ च्या कायद्यानं हा हक्क आहे, चित्रकारालाही. नाव नोंदवावं लागतं आणि तिथे राहत असावं लागतं. दरवर्षी ते पैसे आले की मला मनापासून आनंद होतो, कारण आपलं पुस्तक कुठल्या तरी घरी जाऊन आलंय हे त्यातून कळतं.

इंग्लंडचं ठरलं आणि मिस्टर स्किल्ड वर्कर व्हिसावर असले, तर त्यांच्यावर अवलंबून आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येते, स्वतःचं कामही करता येतं. वर्षाला हजार पौंडांच्या वर मिळकत गेली की कर खात्यात नाव नोंदवायचं. अमेरिकेचं गणित फार वेगळं आहे, ते तिथलं कुणीतरी सांगेल.

जर्सीकर निपाणी

मी सांगते. मी निपाणीची, आता न्यू जर्सीत. मी चित्रकार नाही, पण आमच्या गटात तिघी-चौघी या व्हिसाच्या फेऱ्यातून गेल्यात.

मिस्टर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आले तर तू एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. त्यावर काम करता येत नाही. पुस्तकाचं एक चित्र काढून पैसे घेतले तरी ते कामच. २०१५ पासून काही एच-फोर जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो, पण बहुतेक वेळा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली असावी लागते. नवीन आलेल्यांना तिथवर जायला वेळ लागतो. कंपनीनं एल-वन वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, पाठवलं तर गोष्ट वेगळी: एल-टू वर आलेल्या जोडीदाराला २०२१ च्या शेवटापासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. म्हणून मिस्टरांना आत्ताच विचारायला सांग, कुठल्या व्हिसावर पाठवणार? हा प्रश्न नोकरीच्या पगाराइतकाच महत्त्वाचा आहे, आणि बायकोच्या कामाचा विचार करून कुणी तो विचारतच नाही, याचा मला फार राग येतो.

चित्रकारांसाठी ओ-वन म्हणून एक व्हिसा आहे, पण त्याला पुरस्कार, छापून आलेलं काम, मोठ्यांची पत्रं असा भक्कम पुरावा लागतो. सुरुवात करणाऱ्याचं ते काम नाही.

एच-फोर वर असताना भारतातल्या प्रकाशकाचं काम करून पैसे भारतातल्या खात्यात घेतले तर चालेल, असं लोक सर्रास सांगतात. ऐकू नकोस. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. शिकायला, डमी करायला, लायब्ररीत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. ते दिवस वाया जात नाहीत. आमच्यातली एक तशीच परवाना येईपर्यंत फोल्डर तयार करत राहिली.

एससीबीडब्ल्यूआय ही मुलांच्या पुस्तकांच्या लेखक-चित्रकारांची संस्था आहे, १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली. तिच्या ठिकठिकाणी शाखा आहेत, भारतातही. एकमेकांच्या डमीवर बोलायचे त्यांचे गट असतात. इथूनच जोडून घे.

ऑफसेटवाला

शेफील्डच्या अक्कांनी बोलावलं म्हणून लिहितो. बेळगावात आमचा छापखाना आहे, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं छापतो.

बत्तीस पानंच का, तर मोठा कागद छापून दुमडला की आठाच्या, सोळाच्या पटीत पानं पडतात. आम्ही त्याला फॉर्म म्हणतो. सोळा पानी दोन फॉर्म म्हणजे बत्तीस. तेहेतिसावं पान पाहिजे म्हणालात तर कागद फुकट जातो.

काळ्या रंगाचं असं. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असला तर इंग्रजीचं छापून झालं की ती एकच प्लेट उतरवून दुसऱ्या भाषेची चढवायची, बाकी तीन तशाच. चित्रात लाल रंगानं पाटी रंगवली असेल तर ती तीन-चार प्लेटांत विखुरते, मग सगळंच नवीन करावं लागतं. दहा देशांच्या आवृत्त्या एकदम छापायच्या तर हे परवडत नाही.

अजून दोन गोष्टी, ज्या चित्रकार लोक नेहमी विसरतात. जोडपानाच्या मधल्या घडीवर चेहरा, डोळे, बोटं आणू नका, शिलाईत जातात. आणि चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त रंगवा. कटिंगला कागद एखादा केस इकडंतिकडं सरकतोच, मग पांढरी रेघ दिसते. आणि स्कॅन तीनशे डीपीआयच्या खाली नको.

आमच्याकडं कटिंग मशीन आहे. डमी कापून, शिवून पाहिजे असेल तर करून देऊ की. पुस्तक हातात धरल्यावर जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही.

खानापूरची रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, तुमचं उत्तर मिस्टरांनाही वाचून दाखवलं. त्यांनी आजच ऑफिसात व्हिसाचं विचारलं. अमेरिकेचं झालं तर एल-वन असणार म्हणे, पण इंग्लंडची शक्यता जास्त.

आठ कागद दुमडून बसले काल रात्री. माझी अडचण लगेच कळली. माझ्याकडे गोष्टच नाही. मी लेखिका नाही. आणि जायला अजून वेळ आहे, तोवर इथे काही काम करता येईल का? एका प्रकाशकानं पूर्वी कळवलं होतं, चित्रं द्या, एकरकमी पैसे देतो, हक्क सगळे आमचे. तेव्हा हो-नाही काही कळवलं नव्हतं. कॉलेज करावं का, तेही सांगा. केंब्रिजला मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांचं एमए असतं असं वाचलं.

शहापूर ते शेफील्ड

गोष्ट लिहायची काही गरज नाही. बहुतेक चित्रकार दुसऱ्याच्याच गोष्टी चितारतात. डमीसाठी जुनी लोककथा घे, जिच्यावर कुणाचा हक्क नाही. चिमणी-कावळ्याची घे. आपल्याकडे प्रत्येक घरात ती वेगळी सांगतात, तशी तुझ्या आईची जी असेल ती काढ. शेणाचं घर कुठं आहे? खानापुरात, पावसात. मग तो पाऊस पुण्याचा नको, खानापूरचा पाहिजे, दिवसचे दिवस न थांबणारा, कौलांवरून धारा लागलेला, अंगणात शेवाळ धरलेला. तू तो बघितलायस आणि जलरंगात काढतेसही. मजकूर फार तर प्रत्येक पानाला एक ओळ. कावळा दार वाजवतो आणि चिमणी थांब म्हणते, ती प्रत्येक वेळ म्हणजे एकेक पान उलटणं. ती गोष्टच चित्रपुस्तकासाठी केल्यासारखी आहे बघ.

चौकटीत चित्रं लावायची सवय मोडायला एक करायचीस तर शिवजयंतीला रस्त्यावर उभी राहा. आपल्या चित्ररथांच्या मिरवणुकीत एक प्रसंग जातो, पुढचा येतो. प्रत्येक गाडीवर नेमका कुठला क्षण धरलाय ते वहीत टिपून घे. कुणी वार करायच्या आधीचा क्षण उभा करतं, कुणी नंतरचा. आधीचा निवडणाऱ्यांच्या गाडीपुढे लोक जास्त थांबतात का, तेही बघ. आणि रोज शाळेत मुलं समोर आहेतच. मधल्या सुट्टीत त्यांची पटापट रेखाटनं कर, डबा खाताना, भांडताना, दप्तर ओढताना. एकेकाला अर्ध्या मिनिटाच्या वर देऊ नकोस. मास्तर म्हणतात ते समोर बघून काढणं हेच, फक्त समोरचा माणूस आता हलतोय.

तोवर काम भारतातच शोध, तुझ्याकडे छापलेलं काहीतरी असू दे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू, मराठीतही भरपूर पुस्तकं. तिथली चित्रं मोकळ्या परवान्यावर असतात, म्हणजे कुणीही वापरू शकतं, हे समजून मगच काम दे. चेन्नईचं तुलिका मराठीतही पुस्तकं काढतं. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आहे. भोपाळचं एकलव्य आहे, त्यांचं चकमक मासिक १९८५ पासून निघतं. मासिकाचं एखादं पान मिळालं तरी ठरल्या तारखेला काम द्यायचा सराव होतो. त्यांना ई-मेल पाठवताना मोठ्या फायली जोडू नकोस, सहा-सात चित्रं आणि एक दुवा, बस्स. बोलोन्याचा बालपुस्तक मेळा दरवर्षी चित्रकारांचं प्रदर्शन भरवतो, १९६७ पासून. त्यासाठी पाच चित्रांचा संच मागतात. बेळगावात बसूनही पाठवता येतो, आणि पाच चित्रं एका धाग्यात ओवायची म्हणजे अर्धी डमीच होते.

हक्क सगळे आमचे, याला हो म्हणू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. कलम १९ नुसार त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतात. म्हणून ते लोक मुद्दाम कायमचे आणि जगभराचे हक्क असं लिहून घेतात. दुसरीकडे कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या पेंटिंगचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. दोन्ही बाजूंनी अर्थ एकच निघतो: काम सुरू करायच्या आधी कागद हवा. त्यांना लिही की या पुस्तकापुरता हक्क देते, मूळ चित्रं परत हवीत, खेळणी-कॅलेंडर-दुसऱ्या भाषा यांचं वेगळं बोलू. नाही म्हणाले तर पैसे वाढवून माग किंवा सोडून दे. मूळ चित्रं परत घेणं तर कधीच सोडू नकोस. माझी जुनी मूळ चित्रं आज प्रदर्शनात लागतात, विकलीही जातात. इंग्लंडात आलीस की सोसायटी ऑफ ऑथर्सचं सभासदत्व घे, ते सभासदांचे करार सही करायच्या आधी वाचून देतात.

केंब्रिजचा एमए चांगला आहे, तिथून निघालेल्या खूप जणांची पुस्तकं मी इथल्या दुकानांत बघते. पण परदेशी विद्यार्थ्याची फी भरून आणि लहान मुलगी सांभाळून लगेच नको. मी संध्याकाळचे वर्ग केले, आठवड्यातून एकदा. तेवढ्यावर सुरुवात झाली. आधी ये, एक हिवाळा काढ, तिथली लायब्ररी बघ, मग ठरव.

सामानात जलरंगाचे कागद भरू नकोस, इथे मिळतात. रेखाटनांच्या वह्या मात्र सगळ्या आण, एकही मागे ठेवू नकोस. आणि चिमणी-कावळ्याची पेन्सिलची डमी झाली की ऑफसेटवाल्या अण्णांकडून शिवून घे, मुलीला वाचून दाखव, आणि ती मध्ये कुठे उठून गेली ते पान नंबरासकट इथे लिही. त्या पानावर काय करायचं ते आपण बघू.

ऑफसेटवाला

शनिवारी दुपारनंतर मशीन मोकळं असतं. कागद दुमडून आणू नका, आम्ही दुमडतो.

खानापूरची रेघ

या शनिवारी होणार नाही अण्णा, पुढच्या शनिवारी येते. कावळा अजून दाराबाहेरच आहे.